कानाशी धरलेला डबा

ज्यांचे हात कामात असतात त्यांच्याकडं किस्से कमी असतात. शिंपी बोलतो, पण मशीन थांबवून. आमच्या मंडळाचं तसं नाही. आम्ही चौघं दर रविवारी सकाळी उस्मानपुऱ्यात माझ्या घरी जमतो, समोर डबे मांडतो आणि त्यातला एकही उघडत नाही. हात रिकामे, तोंड मोकळं. मग किस्से साठणार नाहीत तर काय होईल?

डबे म्हणजे मॉडेल किटचे. विमान, जहाज, रणगाडा, जुनी मोटार. खऱ्या वस्तूचं माप घेऊन केलेली लहान प्रतिकृती, प्लास्टिकच्या सुट्या भागांत. घरी न्यायची, सोल्युशन लावून जोडायची, रंगवायची, काचेच्या कपाटात ठेवायची. लोक असंच करतात. आम्ही नाही करत. आम्हाला चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे डबे पाहिजेत, ज्यांच्यावरचा पारदर्शक कागद फाटलेला नाही, कोपरा चेपलेला नाही आणि आतलं विमान अजून विमान झालेलं नाही. डबा उघडला की संपलं. मग ते खेळणं.

"यात मजा काय हो आई?" असं माझी सून वैशाली मला दर सहा महिन्यांनी विचारते. तिच्या कपाटात घडी न मोडलेल्या अकरा साड्या आहेत. मी तिला काही विचारत नाही.

*

माझं शहागंजात खेळण्यांचं दुकान होतं. आमच्या ह्यांनी एकदा मुंबईच्या एका बंद पडलेल्या दुकानातला माल उचलून आणला. त्यात विलायती आणि जपानी किटचे साठ-सत्तर डबे निघाले. शहागंजात तेव्हा बॅट खपायची, भोवरा खपायचा, पिचकारी खपायची. दोनशे तुकडे जोडून विमान करायला कुणाला फुरसत? डबे वरच्या फळीवर गेले. पुढं हे गेले, पोरगा मोठा झाला, दुकान माझ्या अंगावर आलं. फळी तशीच.

मी चौथी शिकलेली. त्या डब्यांच्या कडेचं इंग्रजी वाचून वाचून वाचायला शिकले. मला कुणी शिकवलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर श्रेय घ्यायला कुणीतरी येतंच.

एकदा एक गिऱ्हाईक विकलेला डबा परत घेऊन आलं. म्हणे आत एक चाक कमी आहे. मी म्हटलं, तुमच्या पोरानं गिळलं असंल. तो भांडला, मी भांडले. चूक कुणाची ते आजवर कळलं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून विकायच्या आधी मी प्रत्येक डबा कानाशी धरून हलवायला लागले.

सवयीनं कान तयार होतो. सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, ते खसखसतात. सुटलेला भाग खडखडतो. आणि विमानाच्या खिडक्यांचे, दिव्यांचे जे काचेसारखे भाग असतात त्यांचा आवाज सगळ्यात बारीक, पैंजणातलं एकच घुंगरू वाजावं तसा. बाजारात बायका नारळ हलवून आत पाणी किती ते सांगतात. मी विमान सांगायची.

*

या नादाला मला लावलं गायकवाड सरांनी. सर चित्रकलेचे शिक्षक. रिटायर झाल्यावर एकदा रंगाच्या ब्रशसाठी दुकानात आले आणि वरच्या फळीकडं बघत उभेच राहिले. मी डबा काढून दिला आणि म्हटलं, घ्यायचा असंल तरच उघडा. सर म्हणाले, "घ्यायचाय. उघडायचा नाही." मला वाटलं, माणूस ऊन लागून आलाय.

पुढच्या आठवड्यात स्वतःकडचा एक सीलबंद डबा घेऊन आले. बाहेरगावाहून मागवलेलं लढाऊ विमान. मी सवयीनं हलवलं आणि बोलून गेले, "पूर्ण आहे. पण एक चाक सुटलंय."

सर डबा उचलून गेले. तीन दिवसांनी आले ते चेहरा पाडून. हातात एक पाकीट. पाकिटात एक चाक, शेंगदाण्याएवढं.

"ताई, तीन दिवस दम धरला," सर म्हणाले. "शेवटी उघडलं. तुमचं बरोबर निघालं. एकेचाळीस वर्षांचं सील होतं ते."

मी म्हटलं, मग माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. उघडायला कुणी सांगितलं होतं?

सरांनी ते चाक माझ्या काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, "इथून पुढं ठेवीन."

आमचं मंडळ त्या दिवशी सुरू झालं असं मी मानते. कारण नियम त्या दिवशी ठरला. ताईंनी हलवून सांगितलं की डबा उघडायची गरज नाही. अदलाबदल असो, लांबून मागवणं असो, माझा शब्द शेवटचा. आणि एकदा शब्द झाला, अदलाबदल झाली, की माघार नाही.

*

डॉक्टर जाधव मंडळात आले तेव्हा त्यांना हे पटेना. ते जनावरांचे डॉक्टर. शास्त्र शिकलेला माणूस, म्हाताऱ्या बाईच्या कानावर कसा भरवसा ठेवणार? त्यांच्याकडं एक जर्मन रणगाडा होता, सीलबंद. डॉक्टर म्हणाले, काकू, राग मानू नका, पण मी एक्स-रे काढतो.

आणि खरंच काढला. कुत्र्या-मांजरांच्या मशीनवर. प्लास्टिक काही दिसलं नाही, नुसता ढग. कोपऱ्यातल्या चार पिना मात्र लखलखीत आल्या.

रविवारी डॉक्टरांनी तो एक्स-रे पाकिटासकट आणला. पाकिटावर त्यांच्या कंपाउंडरनं शिस्तीत सगळे रकाने भरले होते. पेशंट: रणगाडा. जात: जर्मन. वय: सत्तेचाळीस. लिंगाच्या रकान्यात त्यानं बराच विचार केलेला दिसत होता, दोनदा खोडून शेवटी 'नर' लिहिलं होतं. तक्रार: हालचाल नाही.

मंडळातले वहीदभाई इतके हसले की त्यांच्या हातातली कपबशी मला काढून घ्यावी लागली. मग डॉक्टरांनी गुपचूप डबा माझ्यापुढं सरकवला. मी हलवला. म्हटलं, पेशंट ठणठणीत आहे, घरी घेऊन जा.

*

वहीदभाई म्हणजे आमच्यातले चौथे. शहागंजात घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्याला भिंग, हाताला चिमटा, आणि जीव सगळा जहाजांत. समुद्र आमच्यापासून किती लांब ते सांगायला नको. तरी त्यांच्या घरी एकोणीस जहाजं आहेत, सगळी डब्यात.

त्यांची काळजी उन्हाळ्याची. आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन. पत्र्याखालची खोली तापली की आतलं प्लास्टिक वाकतं, वर चिकटवायच्या चिन्हांचे कागद पिवळे पडतात. बाहेरून काही कळत नाही. डबा तसाच दिसतो आणि आत जहाज केळ्यासारखं. ह्या विचारानं वहीदभाईंना दुकानात चैन पडत नाही. म्हणून त्यांनी खोलीत थर्मामीटर टांगलं, ताप बघायचं नव्हे, हवेचं, आणि दुपारी दर तासाला घरी फोन. आकडा किती? खिडकी लावली का? ओलं पोतं टांगलं का?

एका दुपारी भाभींनी आकडा सांगितला आणि वर म्हणाल्या, "तुमारे अब्बा कू टायफाइड हुआ था, तब एक बार भी फोन नै करे थे तुम."

हा किस्सा वहीदभाई स्वतः सांगतात. सांगून झाला की हसत नाहीत. घड्याळ बघतात, कारण फोनची वेळ झालेली असते.

*

आता माझं सांगते. हसण्यासारखं नाही, पण किश्शांच्या ओळीत ते मध्येच बसलंय, वगळता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी वैशाली एकदा स्वयंपाकघरात धावत आली आणि गॅस बंद केला. म्हणाली, आई, सात शिट्ट्या झाल्या, तुम्ही इथंच बसलाय. मी म्हटलं, मला मऊच पाहिजे होती डाळ.

ती गेल्यावर मी खोलीचं दार लावलं. माझ्याकडं एक डबा आहे, जुनी रुग्णवाहिका. ह्यांच्या हातचा, फळीवरून कधीच खाली न दिलेला. त्याचा आवाज मला माझ्या पोराच्या रडण्यासारखा पाठ. खसखस, मग एक छोटी खडखड, मग टपावरच्या दिव्याची किणकिण. उजव्या कानाशी धरून हलवला.

काही नाही.

डाव्या कानाशी धरला. लांब कुठंतरी ज्वारी पाखडतात तसं काहीतरी. किणकिण नाहीच.

मी तो डबा त्या दुपारी तीस-चाळीस वेळा हलवला असंल. हात दुखायला लागला तेव्हा थांबले.

कुणाला सांगितलं नाही. वैशालीला संशय आला होता, कानाच्या डॉक्टरकडं चला म्हणून मागं लागली. मला माहीत होतं तिथं काय होणार. मशीन देणार. चष्मा लावला की माणूस शिकलेला दिसतो. कानाला मशीन लावलं की लोक लगेच मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागतात, जसं काही अक्कल पण कमी झाली. आणि रविवारी तिघं समोर बसलेले असताना मी मशीन लावून डबा हलवायचा? माझ्या आयुष्यात मला कुणी एक पदवी दिली नाही. ही एकच होती, ती पण लोकांनी दिलेली नव्हती, मी घेतलेली होती.

म्हणून मी युक्त्या केल्या. डावा कान पुढं करायचा आणि मान अशी तिरकी ठेवायची की विचार करतेय असं वाटावं. बोटांनी डब्याच्या तळाला काय धडकतं ते ओळखायचं. वजनकाटा एकदा स्वयंपाकघरातून आणून ठेवला होता, पण नुसतं वजन सांगून काय उपयोग, काचेची खिडकी वजनात कुठं कळते? मोहरीच्या दाण्यानं पारडं हलतं का? आता शनिवार उजाडूच नये असं वाटायचं. पूर्वी मी रविवारची वाट बघायची.

*

ज्याची भीती होती ते झालंच. डॉक्टरांनी एक प्रवासी विमान आणलं. नांदेडच्या एका माणसाला अदलाबदलीत द्यायचं होतं. मी मान तिरकी केली, हलवलं, बोटांना सगळं ठीक लागलं. म्हटलं, पूर्ण आहे.

महिन्याभरानं नांदेडहून फोन आला. त्या माणसानं डबा उघडला होता. काही लोक उघडतात, काय करणार. आत समोरची काच नव्हती.

डॉक्टर रविवारी आले, चहा घेतला, आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "काकू, त्यानंच हरवली असंल. उघडताना कुठंतरी उडाली असंल. तुमचं काय चुकायचं नाय."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. मी भांडले असते. पण ते इतकं जपून बोलले की माझ्या हातातला चहा मला संपवता आला नाही. मला माहीत होतं काच कुठं उडाली ते. किणकिण मला आलीच नव्हती, आणि नाही आली हे कळायला ती आधी ऐकू यावी लागते.

त्याच रविवारपासून गायकवाड सरांनी जागा बदलली. आधी ते दारापाशी बसायचे. आता माझ्या डाव्या हाताला खुर्ची ओढून बसायला लागले. मी विचारलं, तर म्हणाले, इथं वारा चांगला लागतो. त्या कोपऱ्यात पंख्याचा वारा पोचत नाही, उलट सकाळचं ऊन येतं. म्हातारपणी माणसाला कुठं वारा लागेल सांगता येत नाही, म्हणून मी गप्प बसले.

आणि नवल म्हणजे त्यानंतर वर्षभर माझा एकही शब्द खोटा ठरला नाही. जो डबा हातात आला तो पूर्णच निघाला. मी तिरकी मान करून "पूर्ण आहे" म्हणायची आणि तो पूर्ण असायचा. रात्री मी देवाला म्हणायची, बाबा, किती दिवस सांभाळशील?

*

मग सिल्लोडचा डबा आला. म्हणजे डबा आला नाही, आम्हाला जावं लागलं.

सिल्लोडला कापसाचे व्यापारी अन्वरसेठ. त्यांच्या वडलांना आमच्यासारखाच नाद. वडील गेले, मागं त्यांचं कपाट राहिलं, त्यात दोनच डब्यांची जागा. एकात पाण्यावर उतरणारं मोठं विमान, सीलबंद. दुसरी जागा रिकामी. तिथलं छोटं लढाऊ विमान वाळवीनं खाल्लं होतं. अन्वरसेठना ते कपाट वडील ठेवून गेले तसं भरलेलं पाहिजे होतं. आणि त्या छोट्या विमानाचा तसाच डबा आमच्या ओळखीत फक्त गायकवाड सरांकडं.

सरांनी तो पहिल्या पगारात घेतलेला. लग्नाच्या आधीचा. चौदा एप्रिलच्या साफसफाईत त्यांची बायको सगळं घर उलटंपालटं करायची, पण तो डबा न उचलता भोवतालनं पुसायची. आता ती नाही, सर स्वतः भोवतालनं पुसतात.

मला वाटलं, सर कशाला देतील? पण सरांना सिल्लोडचं विमान पाहिजेच होतं. लहानपणी गुलमंडीच्या एका दुकानाच्या काचेत तो डबा त्यांनी बघितला होता. डब्यावर निळं पाणी, त्यावर उतरणारं विमान, फेसाच्या दोन रेघा. सर म्हणतात, समुद्र मी पहिल्यांदा तिथं बघितला. घरी जाऊन पाटीवर काढला. चित्रकला तिथून सुरू झाली.

अन्वरसेठची अट एकच. सील काढायचं नाही. अब्बांनी ठेवलं तसं द्यायचं. म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

डॉक्टरांच्या गाडीनं निघालो. मी मागं, सर माझ्या डाव्या बाजूला, मांडीवर त्यांचा डबा टॉवेलात गुंडाळलेला. फुलंब्री गेलं तरी मी एक शब्द बोलले नाही. वहीदभाईंनी पुढून विचारलं, खाला, तबियत ठीक है ना? मी म्हटलं, रस्त्याकडं बघा. ते गाडी चालवत नव्हते, तरी बघायला लागले.

अन्वरसेठच्या घरी बैठकीत चहा झाला, बिस्किटं झाली. मग त्यांनी तो डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. मोठा, जड, पाण्याचा निळा रंग अजून तसाच. सरांनी टॉवेल सोडला, स्वतःचा डबा टेबलावर ठेवला आणि त्यावर हात ठेवून बसले. हात काढला नाही.

मी डबा उजवीकडं हलवला. काही नाही. ते ठीकच. डाव्या कानाशी धरला.

काही नाही.

पाखडल्याचा आवाज पण नाही. बोटांना पण काही धडकलं नाही. मी परत हलवला, जरा जोरात. दगड कानाशी धरल्यासारखा. वजन तर होतं. म्हणजे आत सगळं होतं आणि मी गेले होते. डावा कान पण गेला. सिल्लोडला, परक्याच्या बैठकीत, चौघांच्या देखत गेला.

सगळे माझ्याकडं बघत होते. दोन शब्द तोंडात तयार होते. वर्षभर तेच म्हणत आले होते आणि वर्षभर ते खरे ठरले होते. मी सरांच्या हाताकडं बघितलं. बोटं पसरून ठेवलेली, डब्याच्या कडेपर्यंत.

"सर," मी म्हटलं, "तो डबा उचला. मला ऐकू येत नाही."

मी तशीच पुढं बोलले. "आज नाही, दोन वर्षं झाली. उजवा कान गेला, डावा पण आता गेला. डॉक्टरांची काच मीच घालवली. मी काही सांगू शकत नाही. उचला."

वहीदभाई उठले, माझ्या मांडीवरनं डबा घेतला, कानाशी धरून हलवला. मग परत हलवला. डॉक्टरांकडं दिला. डॉक्टरांनी हलवला, टेबलावर ठेवला, गाडीतनं नळी आणली, कानात घातली आणि डब्याला लावली, गाभण म्हशीला लावतात तशी. हा कोपरा, तो कोपरा. मग नळी काढून गळ्यात टाकली.

"काकू," ते म्हणाले, "मला पण काय ऐकू येईना."

अन्वरसेठ इतका वेळ हातात कप धरून बघत होते. ते म्हणाले, "आवाज कैसे आयेगा? अब्बा चश्मा भी रुई में लपेट के रखते थे. अंदर पूरी रुई ठूंस के, फिर अपनेच हाथ से पन्नी चढाये. मेरे कू लगा, आप लोगां कू मालूम है." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी अदबीनं, "खालाजान, सिल्लोड का डब्बा है."

कापूस. मी दोन वर्षं दाबून ठेवलेलं कापसापायी बोलून बसले होते.

सर हसले नाहीत. त्यांनी स्वतःचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि टेबलाच्या पलीकडं अन्वरसेठच्या पुढ्यात ठेवला. मग कापूस भरलेला डबा उचलून टॉवेलात गुंडाळला. म्हणाले, "चला ताई, ऊन व्हायच्या आत पोचू."

मी म्हटलं, अहो, आत काय आहे मला माहीत नाही. सर म्हणाले, हो. आणि चपला घातल्या.

सिल्लोड सुटून बराच वेळ झाला तेव्हा वहीदभाई मागं न बघता म्हणाले, "खाला, एक बात बोलूं? गुस्सा नक्को करो."

मी म्हटलं, बोला.

तेव्हा कळलं. नांदेडच्या काचेनंतर माझ्यापुढं आलेला एकही डबा आधी तपासल्याशिवाय आलेला नव्हता. वहीदभाई ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर तो तोलायचे. मोहरीच्या दाण्यानं हलणारा काटा. डॉक्टर लांब कुणाकडं तसाच डबा असंल त्याला फोन करून त्याचं वजन विचारायचे. दोन्ही जुळलं, तरच रविवारी माझ्यापुढं. कमी भरला तर तो डबा कधी आलाच नाही.

"वर्षभर मला येड्यात काढलं तुम्ही," मी म्हटलं. डॉक्टर आरशातनं बघत होते ते रस्त्याकडं बघायला लागले. मी लई बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. फुलंब्रीपर्यंत बोलले.

मग एक गोष्ट ध्यानात आली आणि मी थांबले. सिल्लोडचा डबा तर कुणी तोललेला नव्हता. मी सरांकडं वळले.

"सर, तुम्हाला माहीत होतं मला ऐकू येत नाही. मग सकाळी तुम्ही तुमचा डबा टेबलावर कुणाच्या भरवशावर काढून ठेवला?"

सरांनी टॉवेल सोडला. डबा उचलून माझ्या डाव्या कानाशी धरला आणि हलवला, सावकाश, दोनदा.

"सांगा," म्हणाले.

मी मान तिरकी केली. डोळे मिटले. गाडीचा आवाज आला, रस्त्याचा आला, डब्याचा कसलाच नाही.

"पूर्ण आहे," मी म्हटलं.